आयरीन नावाची हाक

मला भीती वाटते. पन्नास वर्षांच्या संसारात हे वाक्य तू माझ्या तोंडून एकदाही ऐकले नाहीस, आणि ऐकले असतेस तरी त्यावर तुझा विश्वास बसला नसता. म्हणून ते आरंभीच लिहून टाकतो.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या दिवसांत घरातला फोन वारंवार वाजला आणि पलीकडचा आवाज प्रत्येक वेळी एकच विचारीत राहिला, "इज आयरीन देअर?" तुझ्या हाताखाली बाळंत झालेल्या बायका, लायब्ररीतली ती मोठ्याने बोलणारी बाई, दातांच्या डॉक्टरची रिसेप्शनिस्ट. पहिल्या दिवशी मी "राँग नंबर" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. त्यानंतर फोन वाजला की मी मागच्या बागेत जाई आणि तो थांबेपर्यंत तुझ्या गुलाबांपाशी उभा राही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त, मँचेस्टरच्या निम्म्या शल्यविशारदांशी भांडलेला भूलतज्ज्ञ एका नावाला भितो. का भितो, हे तुला ठाऊक होते की नव्हते, याचा उलगडा मला परवापर्यंत झालेला नव्हता.

पण आधी इतरांचे म्हणणे खोडून काढू दे. त्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही, हे तुला माहीत आहे.

आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात संपादक गोखल्यांनी तुझ्यावर अर्धे पान लिहिले आहे. त्यात तू मोदक उत्तम करीत होतीस असे आहे, जे खोटे आहे. ते दर वर्षी फुटत असत. आणि पुढे असे आहे, की 'इंग्रजांच्या जिभेला शांता हे नाव न पेलल्यामुळे इस्पितळाने त्यांचे आयरीन केले'. मी गोखल्यांना तत्काळ फोन केला.

"अहो डॉक्टर, सगळ्यांचंच तसं झालं ना इथं," ते म्हणाले. "माझं गोविंदचं गॅरी झालं. स्लाऊच्या फॅक्टरीत पहिल्याच दिवशी. मी काय रडत बसलो?"

"तुमचं गॅरी झालं, कारण तुम्ही होऊ दिलंत. तिचं तसं नाही."

"बरं, मग कसं? सांगा ना, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो."

मी फोन ठेवला. गोखल्यांशी चाललेला वाद मी अर्धा सोडला असे आयुष्यात प्रथमच घडले, आणि त्यांनी ते बहुधा मंडळभर सांगितले असेल.

तुझी वॉर्ड सिस्टर तुला दोन वर्षे शांता म्हणत होती आणि बऱ्यापैकी शुद्ध म्हणत होती. ही गोष्ट त्या वॉर्डातल्या कोणीही सांगितली असती. गोखल्यांनी विचारले नाही.

मेधाचे म्हणणे निराळे. आपली मुलगी लंडनच्या ईलिंगहून आली, तुझी कपाटे लावली, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचा नाव बदललं. यमुनाचा शांता केला, तिला न विचारता. मग तिने स्वतःचा नाव स्वतः घेतला. इट वॉज हर रिबेलियन. आणि आता पार्कमधल्या तिच्या मेमोरियल बाकावर तरी तिचा खरा नाव असू दे."

"तिचं नाव," मी म्हणालो. "तिचा नाही. तिचं."

"बाबा! तुम्ही कधी ऐकणार?"

तिच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे. लग्नात तांदूळ पसरलेले ताट माझ्यासमोर आणले, भटजींनी अंगठी हातात दिली, आणि मी त्या अंगठीने तांदळात 'शांता' असे लिहिले. मी तुला विचारले नव्हते. त्या काळी कोणीच विचारीत नसे, परंतु हा बचाव नव्हे. मी ते नाव मुद्दाम निवडले होते. तुला पाहायला आलो त्या दिवशी तू माझ्याशी क्षयरोगाच्या उपचारांवरून वाद घातला होतास. मुलगी आवडली, पण पुढे शांत असावी, असे मला वाटले. तू ताटात वाकून अक्षरे वाचलीस आणि माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "मी शांत नाही हं. आधीच सांगून ठेवते."

तेव्हा बंड करायचे असते तर तू त्याच दिवशी केले असतेस. त्यासाठी तुला पंधरा वर्षे आणि एका ग्रीक देवतेचे नाव लागले नसते. मेधा चुकते आहे. गोखले चुकत आहेत. तुझ्या नावाची खरी हकिगत जिवंतांपैकी मलाच ठाऊक आहे, असे मी समजत होतो. तीच लिहिण्याची मला भीती होती.

तो मार्च महिना होता आणि दुपार होती. बाहेर पाऊसही नाही आणि बर्फही नाही असे काहीतरी पडत होते. सायप्रसहून आलेली बावीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, इंग्रजी जेमतेम. वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली होती आणि रक्त जाऊ लागले होते. पोट उघडण्यावाचून मार्ग नव्हता. टेबलाच्या एका टोकाला मी भूल देण्यास उभा होतो, आणि मूल हातात घ्यायला मिडवाइफ म्हणून तू उभी होतीस. असे योग फार येत नसत. आले की तू इंग्रजांना ऐकवीत असस, "माझा नवरा माणसं झोपवतो, मी रडवते."

मुलगा झाला आणि तो रडला. रक्त मात्र थांबेना. बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या, शस्त्रवैद्याने करायचे ते सर्व केले, आणि पुष्कळ वेळाने ते थांबले. मी भुलीचे वायू बंद केले आणि तिच्या जागे होण्याची वाट पाहू लागलो.

भूलतज्ज्ञाचे निम्मे काम झोपवण्याचे असते आणि निम्मे परत आणण्याचे. ऐकणे सर्वांत शेवटी जाते आणि सर्वांत आधी परत येते, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले. म्हणून रुग्णाच्या कानाशी वाकायचे, त्याचे नाव घ्यायचे आणि डोळे उघडण्यास सांगायचे. माझ्या पिढीत नाव घेणे म्हणजे मिस्टर किंवा मिसेस लावून आडनाव घेणे. कोणाला पहिल्या नावाने हाक मारणे असभ्य समजले जाई, आणि हा नियम मी इंग्रजांपेक्षाही कडक पाळीत असे. बाहेरून आलेल्या माणसाला नियम ढिले सोडणे परवडत नाही.

तेव्हा मी तिच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि ते लांबलचक सायप्रसी आडनाव उच्चारून म्हणालो, "मिसेस अमुक, ओपन युअर आइज." एकदा म्हणालो, पाच वेळा म्हणालो, दहा वेळा म्हणालो. पापणी हलली नाही.

तू मूल दुपट्यात गुंडाळून उभी होतीस. सर्वांसमोर, मराठीत, तू म्हणालीस, "अहो, तिला इरिनी म्हणा. तिच्या नवऱ्यानं सांगितलंय मला. इरिनी म्हणा, ऐकेल ती."

मी मान वर केली आणि इंग्रजीत म्हणालो, "सिस्टर, प्लीज!"

शस्त्रवैद्याने आपल्या दोघांकडे पाहिले. तू गप्प झालीस. ताटात लिहिलेल्या नावाप्रमाणे तू वागलीस असा तो बहुधा एकच प्रसंग. मी पुन्हा आडनाव घेतले. आणखी किती वेळा घेतले, ते सांगता येत नाही. तासाभरात तिचे हृदय थांबले.

चौकशी झाली. माझ्यावर ठपका आला नाही, येण्याचे कारणही नव्हते, आणि ही गोष्ट मी आजही कोणाशीही वाद घालून सिद्ध करीन. इतके रक्त गेल्यावर मेंदू परत येत नाही. कोणत्याही नावाने येत नाही. हे मला डॉक्टर म्हणून ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक होते.

ती मुलगी गेल्यानंतर आठवड्याभराने सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तू म्हणालीस, "आजपासून वॉर्डात मला आयरीन म्हणणार आहेत. बिल्ला बदलून घेतलाय. इरिनीचं इथलं रूप."

माझ्या हातातला कप खाली आला. "गेलेल्या बाईचं नाव? कशासाठी?"

"त्यांच्यात नाव पडू देत नाहीत. तिचा नवरा सांगत होता, की..."

मी पुढचे ऐकले नाही. कोट घेतला आणि बाहेर पडलो. मला वाटले, तू ते नाव माझ्यासाठी घेतले आहेस. मी जे उच्चारले नाही ते आता वॉर्डाच्या टोकापासून टोकापर्यंत दिवसभर उच्चारले जाईल आणि मी ते ऐकत जाईन, अशी ती शिक्षा आहे. पुढची पस्तीस वर्षे मी ती ऐकली. कॉरिडॉरमध्ये, दुकानात, आपल्याच दारात. "आयरीन, लव्ह!" असे कोणी इथल्या लाडाच्या रीतीने म्हणाले की मी त्या माणसाशी काहीतरी कारण काढून भांडत असे. तुला वाटत असेल, माझा स्वभावच तसा. तो तसा आहेच. पण इतका नव्हता.

आपला एकच वाद या विषयावर झाला आणि तोही आडून झाला. त्याच महिन्यात तू सहज म्हणालीस, की आयरीनचा अर्थही शांतीच, म्हणजे नाव फारसे बदललेलेच नाही. मी शनिवारी सेंट्रल लायब्ररीत गेलो, तीन जाड ग्रंथ उघडले, टिपणे काढली आणि संध्याकाळी तुझे म्हणणे खोडून काढायला घरी आलो. तू मटार सोलत होतीस.

मी म्हणालो, की ही ग्रीकांची देवता आहे, ऋतूंची राखण करणाऱ्या तिघी बहिणींपैकी एक. एक सुव्यवस्था, दुसरी न्याय, ही तिसरी. अथेन्समध्ये तिचा पुतळा होता, हातावर बाळ घेतलेला, आणि ते बाळ म्हणजे समृद्धी. शब्दाचे मूळ कोणालाही नक्की सांगता येत नाही. ग्रीक त्या भूमीत येण्याआधीपासून तो तिथे असावा असे काही पंडित मानतात. आणि मुख्य मुद्दा हा, की त्या शब्दाचा रोख मन शांत होण्याकडे नाही. लढाई थांबते, दोन्ही बाजू तह करतात, त्या तहाकडे आहे. "म्हणजे तुझ्या नावाशी याचा संबंध नाही," मी समारोप केला. "शांती निराळी, तह निराळा."

तू एक शेंग उकलून दाणे वाडग्यात पाडलेस. "तह कोण करतं? भांडणारेच ना?"

"अर्थात."

"मग बरोबर आहे. शांती तुम्ही तांदळात लिहिलीत, पण हे घर तहावरच चाललंय. आणि बाई हातावर मूल घेऊन उभी आहे म्हणालात ना? मग तर ती मीच."

मी तुला आणखी मुद्दे देऊ शकलो असतो, पण तू वाडगे माझ्यापुढे सरकवलेस आणि म्हणालीस, "आता आलाच आहात तर चार शेंगा सोला." तो वाद तू जिंकलास, हे मी आज मान्य करतो. एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी लपवली. त्याच ग्रंथात लिहिले होते, की जुने ख्रिस्ती लोक आपल्या मृतांच्या थडग्यांवर हाच शब्द कोरीत असत: अमका येथे शांतीत आहे. ते वाचून मी पुस्तक मिटले होते. तुझे नाव मला दगडावर दिसले होते.

या वर्षी मे महिन्यात तुला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले, आणि अकरा दिवस तू हॉस्पिसमध्ये होतीस. तिथे ब्रिजेट नावाची आयरिश नर्स होती. ती खोलीत येऊन म्हणे, "गुड मॉर्निंग, आयरीन, लव्ह," आणि तू डोळे उघडून तिच्याकडे पाहत असस. मी म्हणे, "शांता." तू पाहत नसस. तुझी आई मारीत असे ती हाकही मी मारून पाहिली; "यमू" म्हणालो, ओशाळत, दार लावून घेऊन. तू पाहिले नाहीस.

मेधा म्हणाली, "बाबा, ते ब्रेनमध्ये असतं. मराठी गेली, इंग्लिश राहिली. इट्स नॉट पर्सनल." असेल. मी तिच्याशीही वाद घातला, कारण माझी खात्री होती, की ते माझ्याशीच होते.

शेवटच्या सकाळी, दहाच्या सुमारास, तुझ्या श्वासांमध्ये अंतर पडू लागले. असे अंतर मी आयुष्यभर मोजले आहे. मेधा स्टेशनहून निघाली होती, वाटेत होती. ब्रिजेटने तुझी उशी सारखी केली आणि मला म्हणाली, "डॉक्टर, ट्राय आयरीन. ती ऐकते त्याला. खरंच ऐकते."

मी म्हणालो, "शी इज माय वाइफ. आय नो हर नेम."

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती बाहेर गेली. पस्तीस वर्षांनी मी पुन्हा तेच केले होते, फक्त या वेळी टेबलावर तू होतीस.

मी वाकलो. तुझ्या कानाशी तोंड नेले. ते नाव माझ्या घशापर्यंत आले होते, हे तुला सांगितलेच पाहिजे. ते बाहेर का पडले नाही, याचे कारण अभिमान होता, असे लोकांना वाटेल. अभिमान तोपर्यंत संपला होता, उरली होती ती भीती. मी ते नाव घेतले आणि तू डोळे उघडले नाहीस, तर तू गेलीस. घेतले आणि तू डोळे उघडलेस, तर त्या दिवशी ती मुलगीही उघडू शकली असती, आणि मी तिला या नावाने हाक मारली नव्हती. दोन्हीपैकी कोणतेही उत्तर ऐकण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी "शांता, डोळे उघड" असे म्हणालो. पुन्हा म्हणालो. तुझा श्वास गेला, आणि पुढचा आला नाही.

क्रेमॅटोरियमच्या दारात मी, मेधा आणि गुरुजी उभे होतो. माणसे हात मिळवून आत जात होती. त्यांत पस्तिशीचा एक दाढीवाला गृहस्थ पुढे आला आणि म्हणाला, "मी अँड्रियास. तिनं मला जन्माला घातलं. म्हणजे, तुम्हाला कळलं ना. आणि माझी आई त्या दिवशी गेली."

त्याने आडनाव सांगण्यापूर्वीच मला ते आठवले. मनगटावरच्या पट्टीवरची अक्षरे जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. मला वाटले, हा विचारायला आला आहे. पस्तीस वर्षे मी या प्रश्नाची उत्तरे तयार ठेवली होती, रक्ताच्या बाटल्या आणि नाडीचे आकडे यांसह.

त्याने विचारले काहीच नाही. "दर वाढदिवसाला कार्ड यायचं," तो म्हणाला. "खाली सही, आयरीन. डॅड सांगायचा, या बाईकडे तुझ्या आईचं नाव ठेवायला दिलंय. आमच्यात नातवंडाला आजीचं नाव देतात, डॉक. नाव पुन्हा उभं करणं म्हणतात त्याला. पण मी तर आठवड्याचा होतो. तेव्हा ती त्याला म्हणाली होती, तुमच्या घरात मुलगी येईपर्यंत हे नाव मी वापरते, पडू देत नाही." तो थोडा हसला. "मला दोन मुलगेच. तिला फार वर्षं थांबायला लागलं."

टोस्टला लोणी लावताना तू जे वाक्य अर्धे टाकले होतेस, किंबहुना मी जे अर्धे टाकायला लावले होते, ते पस्तीस वर्षांनी एका परक्या माणसाने पुरे केले. तो म्हणाला, की त्याचे ऑल्ट्रिंगमला फिश अँड चिप्सचे दुकान आहे, कधी तरी या. मी "नक्की" म्हणालो आणि दुसऱ्या माणसाचा हात हातात घेतला. त्याच्या आईला भूल देणारा मीच होतो, हे मी त्याला सांगितले नाही. आत गुरुजींनी नाव विचारले तेव्हा मी शांता असे सांगितले.

त्यानंतरचे दिवस मी बागेत उभा राहून काढले. बाकावरच्या पट्टीसाठी मेधाने कौन्सिलचा फॉर्म फ्रिजवर लावून ठेवला होता, नावाची चौकट रिकामी. लंडनला परतताना ती म्हणाली होती, "तुम्ही भरा, बाबा. मी भांडणार नाही. आय अ‍ॅम टू टायर्ड." तिचे न भांडणे मला आवडले नाही. ती तुझ्यासारखी दिसत होती.

परवा मी ट्रामने ऑल्ट्रिंगमला गेलो. दुपारी तीनची वेळ, दुकान दोन जेवणांच्या मधे बंद होते, पण तो आत बटाटे सोलत बसला होता. त्याने मला ओळखले आणि दार उघडले. आधी खुर्ची दिली.

मी उभ्याउभ्याच सांगितले. "तुझ्या आईला भूल देणारा मी होतो."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"आयरीननं. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा. म्हणाली, माझा नवरा तिथं होता. बाकीचे सगळे हातमोजे काढून निघून गेले, तरी तो तिच्या कानाशी वाकून हाका मारत राहिला. म्हणाली, विसरू नकोस, तुझ्या आईला शेवटपर्यंत कोणीतरी बोलावत होतं." त्याने सुरी बाजूला ठेवली. "मी विचारलं, मग तो कधी येत का नाही? तर म्हणाली, येईल. भांडकुदळ आहे, पण येईल."

माझ्याविषयी इतरांनी सांगितलेले मी आजवर कधी मान्य केले नाही. ही एक हकिगत मी खोडणार नाही. परंतु तू त्यातून एक गोष्ट गाळली होतीस, आणि ती त्याला सांगणे माझ्याकडे आले.

"मी तिला आडनावानं हाक मारत होतो," मी म्हणालो. "मिसेस लावून. माझ्या बायकोनं मला खरं नाव सांगितलं होतं. मी ते घेतलं नाही."

त्याने सोललेले बटाटे एकेक करून पाण्यात टाकले. बाहेरून एक माणूस काचेवर टकटक करून, बंदची पाटी पाहून निघून गेला.

"लग्नाला दहा महिने झाले होते," शेवटी तो म्हणाला. "ते आडनाव तिला स्वतःचं वाटतसुद्धा नसणार. माझी मावशी सांगायची, कोणी त्या आडनावानं बोलावलं की ती मागं वळून बघायची, सासू आली की काय म्हणून." आणि तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "रक्त गेलं होतं, डॉक. डॅडनं मला सगळं सांगितलंय. नाव घेऊन रक्त परत येत नाही."

"मला माहीत आहे."

"तरी घ्यायला हवं होतं. तिनं जागं व्हावं म्हणून नाही. ती एकटी होती म्हणून."

शांता, मी या वाक्याशी वाद घालण्याचा प्रयत्न केला. ट्रामचे सगळे थांबे संपेपर्यंत केला. हाकेचा उपयोग मी आयुष्यभर एकच मानला: माणूस परत येतो की नाही हे पाहणे. डोळे उघडले तर हाक सार्थ, नाही तर व्यर्थ. हाक मारणे म्हणजे नुसते सोबत असणेही असते, हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नाही, आणि तुला ते कोणी शिकवावे लागले नाही. तू पस्तीस वर्षे एका मुलीचे नाव जिवंत लोकांच्या तोंडात ठेवलेस, ती परत येणार नाही हे पक्के ठाऊक असताना. मी ते स्वतःवरचा आरोप समजलो. इतका मोठा मी नव्हतो, हे आता लक्षात येते, आणि त्याने बरे वाटत नाही.

घरी येऊन फॉर्म भरला. चौकटीत फक्त आयरीन असे लिहिले. गोखल्यांनी हे पान छापावे, तीच त्यांची दुरुस्ती समजावी. अँड्रियासने विचारले आहे, की मुलांना घेऊन बाकावर बसायला आले तर चालेल का. पट्टी लागली की पार्कमधले अनोळखी लोक ते नाव वाचतील, काही मोठ्याने वाचतील. तेवढ्याने ते पडणार नाही, असे मला वाटते.

फॉर्म पाकिटात घालत होतो तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला.

"इज आयरीन देअर?" एक म्हातारा, सावकाश आवाज.

"हे आयरीनचंच घर," मी म्हणालो. "मी तिचा नवरा. ती गेली. तुम्ही कोण? सांगा ना, मला वेळ आहे."

ती बाई बरीच बोलली. तिची दोन्ही मुले तुझ्या हातची. मी ऐकले.

मग आपल्या खोलीत आलो. सहा वाजले होते, जूनचा लख्ख उजेड होता, तुझ्या बाजूची उशी मेधाने बदलू दिली नव्हती. भीती गेलेली नाही. तू मला ऐकलेस की नाही, शेवटच्या सकाळी माझा आवाज तुझ्यापर्यंत पोहोचला होता की एक परका मनुष्य परक्या नावाने कोणाला तरी बोलावीत होता, हे मला कधीच कळणार नाही, आणि ही भीती घेऊनच मला जावे लागेल. तरी मी गुडघा टेकला, जो आता सहजी टेकत नाही, आणि उशीशी वाकलो, जसा हजारो लोकांच्या कानाशी वाकलो असेन.

आयरीन.

डोळे उघडू नकोस. झोप. मी नुसती हाक मारली आहे.